आईला सांग

पुण्यातल्या एका शाळेत मी सहा वर्षं नववी-दहावीला इंग्रजी शिकवलं. मुलांचा सगळ्यात नावडता आणि माझा सगळ्यात आवडता धडा म्हणजे डायरेक्ट-इनडायरेक्ट. कोण काय म्हणालं ते अवतरणचिन्हांत जसंच्या तसं लिहायचं, हे डायरेक्ट. तेच तिसऱ्या माणसाला सांगायचं, की बाई, अमुक असं असं म्हणाला, हे इनडायरेक्ट. मुलं काळ चुकवायची, सर्वनामं चुकवायची आणि वर म्हणायची, याचा आयुष्यात उपयोग काय. मी त्यांना आमच्या शिपायाचं उदाहरण द्यायचे. मोठ्या बाई ऑफिसात काय म्हणतात ते तो वर्गात येऊन सांगतो. बाई चिडून म्हणाल्या असतील तर चिडून म्हणाल्या असंच सांगतो. निरोप्याने पदरचं घालायचं नाही आणि ऐकलेलं गाळायचं नाही, एवढं सांभाळलंत तर बाकीचं मी बघून घेईन, असं मी म्हणायचे. तेव्हा मी फार ठामपणे बोलायचे.

अकरा वर्षांपूर्वी नवऱ्याला जर्मनीतल्या एश्बॉर्नच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम मिळालं. लेक दोन वर्षांची होती. तीन वर्षं राहू, जग बघू आणि परत येऊ, असं ठरलं होतं. मोठ्या बाईंनी मला सांगितलं होतं, तीन वर्षांनी ये, तुझा वर्ग तुझाच आहे. तीन वर्षं झाली तेव्हा नवरा एका संध्याकाळी म्हणाला, "आई-बाबांशी बोललो. ते म्हणतात, तिथेच राहा, इथे येऊन काय करणार? पोरीची शाळा तिथेच होऊ दे." मला वाईट वाटलं होतं. त्यांना आपण नकोसे झालो की काय, असंही मनात येऊन गेलं. पण मोठी माणसं म्हणतायत म्हटल्यावर मी मोठ्या बाईंना नाही म्हणून कळवलं, जर्मन शिकले आणि एका प्राथमिक शाळेत शाळा सुटल्यावर थांबणाऱ्या मुलांना सांभाळायचं अर्धवेळ काम धरलं. त्याला इथे बेट्रॉयुंग म्हणतात. मुलांच्या नाकाला रुमाल लावायचा आणि चारच्या आत त्यांच्या आयांच्या हवाली करायचं, एवढंच ते काम.

गेल्या ऑक्टोबरात सासूबाईंशी व्हिडिओवर बोलत होते. त्या लसूण सोलत होत्या. दिवाळीचं बोलणं निघालं तसं मी सहज म्हणाले, "यंदा तिकडे असते तर चकल्या मीच केल्या असत्या हो."

त्यांनी पाकळीवरून नजर न काढता म्हटलं, "मग तेव्हा यायला नको म्हणालीस कशाला? आम्ही तर वाट बघत होतो. तो तयार होता. तूच म्हणालीस, मला परत जायचं नाही."

मी म्हणाले, "मी?"

"त्यानेच सांगितलं ना आम्हाला. जाऊ दे, आता आठ वर्षं झाली. आम्ही काय कधी बोललो का तुला?"

खरंच, त्या कधीच बोलल्या नव्हत्या. माझ्याशी त्या आठ वर्षं फक्त कामापुरतं बोलत आल्या होत्या आणि मी समजत होते, फोनवर त्यांना बोलायला सुचत नसेल.

संध्याकाळी मी नवऱ्याला विचारलं. तो बूट काढत होता. एक बूट काढून झाल्यावर म्हणाला, "अगं, कुणाला तरी काहीतरी सांगायला लागतंच ना. तुला त्यांचं नाव सांगितलं, त्यांना तुझं. कुणी दुखावलं नाही." आणि दुसरा बूट काढला. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून गोळी झाडायची म्हणतात ती ही. याने दोन खांदे वापरले होते आणि स्वतः मध्ये आरामात बसला होता.

मला राग यायला हवा होता. मी त्याची वाटही पाहिली. भाजी चिरली, कुकर लावला, पोळ्या केल्या. म्हटलं, पोळ्या लाटताना येईल. आला नाही. दातांच्या डॉक्टरने सुई दिल्यावर ओठ आपला वाटेनासा होतो, तसं आत काहीतरी झालं होतं. त्या दिवसानंतर मी नवऱ्याशी बोलले नाही. ठरवलं वगैरे काही नव्हतं. सांगण्यासारखं काही असलं की ते तोंडापर्यंत यायचं आणि तिथेच थांबायचं. आठवड्याभराने त्यानेही बोलणं सोडलं. त्याला वाटलं असेल, होईल सरळ.

पण घर म्हटलं की बोलल्याशिवाय चालत नाही. हीटिंगवाला येणार असतो, दूध संपलेलं असतं, शाळेतून पत्र आलेलं असतं. मग "बाबाला सांग" आणि "आईला सांग" सुरू झालं. सांगणार कोण, तर आमची तेरा वर्षांची लेक. गिम्नाझियमला, म्हणजे इथल्या हायस्कूलला, आठवीत आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते जर्मनच. मी स्वयंपाकघरातून मराठीत सांगायचे, ती बाहेरच्या खोलीत जाऊन बापाला जर्मनमध्ये सांगायची, तो मराठीत उत्तर द्यायचा आणि ते जर्मनमध्ये माझ्याकडे परत यायचं. तिचा आवाज कधी चढला नाही की तिने कुरकुरही केली नाही. कसली शहाणी मुलगी, असं मला वाटायचं. खरं सांगायचं तर मला काहीच वाटत नव्हतं. ते मला सोयीचं होतं, एवढंच.

एप्रिलमध्ये सासू-सासरे तीन महिन्यांसाठी आले. व्हिसा आधीच झाला होता, तिकिटं आधीच काढली होती. आमच्यातलं त्यांना कळता कामा नये, एवढं आम्ही दोघांनी एकमेकांना न सांगताच ठरवलं.

आता त्या दोघांची तऱ्हा सांगायला हवी. माझे सासू-सासरे लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं होऊनही एकमेकांशी सरळ बोलत नाहीत. भांडण नाही, तशी त्यांची रीतच आहे. मोठ्या कुटुंबात, सासऱ्यादिरांसमोर नवऱ्याशी बोलायचं नाही, अशी सासूबाईंना लागलेली सवय पुढे माणसं गेली तरी राहिली. "ह्यांना विचार गं, चहा टाकू का?" असं त्या मला विचारणार. ते तिथेच, हाताच्या अंतरावर बसलेले असणार. ते मला सांगणार, "टाक म्हणावं." आणि मी ते सासूबाईंना सांगेपर्यंत त्या आधण ठेवून मोकळ्या झालेल्या असणार. पुण्याच्या घरी कुणी नसलं तर त्या दाराच्या चौकटीला सांगतात, "जेवायला वाढलंय म्हणावं." चौकट काही बोलत नाही, पण सासरे येऊन बसतात.

एश्बॉर्नच्या घरात मीच चौकट. दुपारी कामावर जाईपर्यंत दोघांचे निरोप इकडून तिकडे न्यायचे. त्यात लेक आजीला जर्मनमध्ये उत्तर देणार, ते मराठीत मीच सांगायचं. लेक एकदा म्हणाली, आजी सारखी तेच तेच विचारते, डोकं उठतं. मी सासूबाईंना सांगितलं, "ती म्हणतेय, उद्या परीक्षा आहे, मग निवांत बोलते." सासूबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. हे मी लगेच विसरूनही गेले.

सासरे मात्र खूश होते. कचऱ्याचं वेळापत्रक त्यांनी पाठ केलं. पिवळी पिशवी कधी, कागदाचा डबा कधी, ते आमच्या आधी त्यांना ठाऊक. रोज सकाळी एस-बाहनच्या, म्हणजे इथल्या लोकलच्या, स्टेशनापर्यंत जायचे, दोन-तीन गाड्या बघायचे आणि परत येऊन मला म्हणायचे, "हिला सांग, आज गाडी चार मिनिटं लेट होती." सासूबाई म्हणायच्या, "मग काय करू म्हणावं?"

आल्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी आम्ही सगळे टेबलाशी बसलेलो असताना नवरा लेकीला म्हणाला, "आईला सांग, उद्या मला यायला उशीर होईल." मी वाढत होते. लेकीने मला सांगितलं. मी लेकीला म्हणाले, "बाबाला सांग, डबा लागेल का?" आता सासूबाईंच्या लक्षात येणार म्हणून माझा हात थांबला. त्यांच्या लक्षात आलंही. त्यांचा चेहरा असा काही खुलला की लग्न होऊन आल्यापासून मी तो तसा पाहिला नव्हता.

"परदेशात राहूनसुद्धा घरात आदब आहे हो," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं, अरे-तुरे करत असाल एव्हाना."

मी भात वाढला. लेकीने माझ्याकडे पाहिलं आणि मग ताटात पाहिलं.

त्या दिवसापासून सासूबाई माझ्याशी मऊ बोलायला लागल्या. अक्षय्य तृतीयेला जवळच्या र्युसेल्सहाइम गावातल्या एका मराठी कुटुंबाकडे आम्हाला जेवायला बोलावलं होतं. तिथल्या बायकांसमोर त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, "आमची सून नवऱ्याला उलटून शब्द बोलत नाही." खोटं नव्हतं. मी त्याच्याशी उलटा, सुलटा, कसलाच शब्द बोलत नव्हते. सगळ्याजणी हसल्या. मीही हसले आणि आमरसाची वाटी पुढे केली. आठ वर्षं माझ्यावर धरलेला राग त्यांनी सोडला होता, तोही मी गप्प बसले म्हणून. यावर रडावं की हसावं ते कळत नव्हतं आणि दोन्हीही होत नव्हतं.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात, एका शुक्रवारी, लेकीने माझ्यासमोर इंग्रजीची वही ठेवली आणि म्हणाली, "उंटरश्रिफ्ट." म्हणजे सही. इथे मार्क कमी पडले की पालकांची सही लागते. तिला इंग्रजीत कायम एक मिळतो. इथे एक म्हणजे सगळ्यात चांगला. या वेळी चार होता.

मी बघितलं तर विषय डायरेक्ट-इनडायरेक्टचाच. इतक्या वर्षांनी जुनी शेजारीण भेटावी तसं वाटलं. त्यांच्या बाईंनी काम दिलं होतं, घरातली एक दिवसाची बोलणी टिपायची. डाव्या पानावर जशी बोलली तशी, उजव्या पानावर ती दुसऱ्याला सांगतो तशी. लेकीने मराठीतली बोलणी इंग्रजीत आणून लिहिली होती. मी आधी मास्तरणीच्या नजरेने उजवं पान तपासलं. काळ बरोबर होते. सर्वनामं बरोबर होती. सेड आणि टोल्ड जिथल्या तिथे. एकही चूक नाही. मग चार कसा दिला म्हणून मी बाईंवर चिडायच्या तयारीत होते. खाली लाल अक्षरात शेरा होता : व्याकरण अगदी बरोबर आहे, पण मजकूर बदलला आहे. बोलणारी माणसं असं म्हणालेली नाहीत. पुन्हा लिहून आण.

मग मी डावं आणि उजवं पान शेजारी शेजारी वाचलं.

डावीकडे मी होते : "बाबाला सांग, त्याच्या आईच्या गोळ्या त्याने आणाव्यात, मी या घरातली मोलकरीण नाही." उजवीकडे : आईने बाबाला विचारलं, की येताना गोळ्या आणायला जमेल का.

डावीकडे नवरा : "आईला सांग, असं तोंड पाडूनच बसायचं असेल तर आत जाऊन बस म्हणावं." उजवीकडे : बाबा म्हणाला, की आई दमलेली दिसते, तिने थोडी विश्रांती घ्यावी.

डावीकडे पुन्हा मी, सकाळी तो निघताना : "मला काही सांगायचं नाही." उजवीकडे : आईने बाबाला दिवस चांगला जावो असं म्हटलं.

असं दीड पान होतं. सगळ्या ओळी सरळ, अक्षर गोल.

शेऱ्याच्या खाली त्या बाईंनी बारीक अक्षरात अजून एक ओळ लिहिली होती. मंगळवारी तिसऱ्या तासानंतर मी मोकळी असते. लेक म्हणाली, "मी जाणार नाही." अर्थात जर्मनमध्ये.

मी विचारलं, "हे तू वहीत बदललंस, की आम्हाला सांगतानाही बदलतेस?"

ती म्हणाली, "इमर." म्हणजे नेहमीच.

"कधीपासून?"

तिने खांदे उडवले आणि मग जर्मनमध्ये भराभर बोलली, की तुम्ही बोलता ते तसंच सांगितलं असतं तर तुम्ही निरोपसुद्धा बंद केले असते. मग मी काय केलं असतं? तसंही तुम्हाला कुठे कळलं? तू कधी विचारलंस का, की बाबा दमलीस असं कसं म्हणेल? नाही ना?

नाहीच विचारलं. मला आठवलं, हिवाळ्यात एकदा ती येऊन म्हणाली होती, बाबा म्हणतो, बाहेर बर्फ आहे, जपून जा. मी तेव्हा, आता म्हणतोय, असं मनात म्हणून टोपी घातली होती. आता विचारलं असतं तर तो म्हणाला असता, मी असलं काही बोललोच नव्हतो.

माझ्या तोंडात पुन्हा कुणीतरी शब्द घालत होतं. बापाने आपली कातडी वाचवायला घातले होते, ही आमचं घर वाचवायला घालत होती. खाण तशी माती, असं म्हणून मी सगळं नवऱ्याच्या अंगावर ढकलणार होते, तेवढ्यात ती आजीची परीक्षा आठवली. नसलेली परीक्षा. ती मीच सांगितली होती. शिपायाचं उदाहरण देणाऱ्या बाईंनी. या घरात जो तो दुसऱ्याचं बोलणं आपल्याला हवं तसं करून पुढे देत होता आणि सगळ्यात जास्त ओझी वाहत होती ही पोर. तेव्हा मला पहिल्यांदा काहीतरी वाटलं. ते वाईट वाटणं होतं की भीती, ते सांगता येणार नाही.

मी सही केली नाही. म्हटलं, "दुसरं लिहिशील त्यावर करते."

सासू-सासरे बुधवारी परत जाणार होते. त्याआधीचा रविवार. रविवारी सकाळी नवरा बेकरीतून ताजे ब्रोट्शन, म्हणजे छोटे गोल पाव, आणतो. सासूबाई ते उघडून आत लोणी आणि लसणाची चटणी भरतात आणि वडापाव समजून खातात. टेबलाशी आम्ही पाचही जण होतो. लेक मध लावत होती. नवरा तिला म्हणाला, "आईला सांग, बुधवारी विमानतळावर मीच गाडी घेऊन जाईन."

मी म्हणाले, "अरे, माझ्याकडे बघ."

सासूबाईंची सुरी थांबली. त्यांच्यासमोर मी त्याला आजवर 'अहो'शिवाय हाक मारली नव्हती. त्याने माझ्याकडे पाहिलं. आठ महिन्यांनी पाहिलं. त्याच्या कानाजवळचे केस पांढरे झाले होते.

"आठ वर्षांपूर्वी पुण्याला परत जायला नको, असं मी म्हणाले होते का?"

माझा आवाज सपाट होता. वर्गात हजेरी घ्यावी तसा. त्याने आईकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं आणि मग सवयीने लेकीकडे वळून म्हणाला, "आईला सांग, हा विषय आत्ता..."

"तूच सांग," लेक म्हणाली.

मराठीत. तिने मधाची सुरी ताटलीवर ठेवली आणि हात मांडीवर घेतले. शेवटचं मराठी वाक्य ती कधी बोलली होती ते मला आठवेना.

खाली अंगणात कुणीतरी सायकलच्या चाकात हवा भरत होतं, तो आवाज येत होता. शेवटी नवरा ताटलीला म्हणाला, "ती नव्हती नको म्हणाली."

मी म्हणाले, "आईंकडे बघून सांग."

त्याने मान वर केली. "आई, ती नव्हती नको म्हणाली. मलाच यायचं नव्हतं. मी तिचं नाव सांगितलं."

"आणि मला," मी सासूबाईंना म्हणाले, "मला तो म्हणाला होता, की तुम्हीच म्हणता, येऊ नका. मी ते खरं मानलं. मी एकदा फोन करून विचारायला हवं होतं. मीही विचारलं नाही."

सासरे एकदम म्हणाले, "आम्ही? आम्ही येऊ नका म्हणू? आम्ही मागची खोली रंगवून घेतली होती पोरीसाठी." आणि सासूबाईंकडे वळून म्हणाले, "कुठला गं तो रंग होता?"

"पिस्ता," सासूबाई म्हणाल्या.

मध्ये कुणी नव्हतं. दोघांच्याही ते लक्षात आलं नसावं.

मग सासूबाईंनी चटणीच्या बरणीचं झाकण लावलं. घट्ट लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मला ठाऊक होतं."

मी म्हणाले, "काय ठाऊक होतं?"

"तू नको म्हणाली नसणार ते. पोटचा पोर आहे माझा. खोटं बोलताना तो लहानपणापासून घाईघाईने बोलतो. त्या दिवशी फोनवर घाईघाईने बोलला. ठेवल्या ठेवल्याच कळलं मला."

"मग आठ वर्षं..."

"त्याच्यावर रागावले असते तर त्याने फोन बंद केला असता," त्या म्हणाल्या. "आठवड्याला एक फोन, तेवढाच उरला होता. तुझ्यावर राग धरला तर काय बंद होणार होतं? तू परकी. तुझ्यावर धरणं परवडत होतं."

त्यांनी हे अगदी साधेपणाने सांगितलं. आवाजात माफी नव्हती आणि कडवटपणाही नव्हता. नवरा उठून बाल्कनीत गेला. सासरे ब्रोट्शनचे तुकडे गोळा करत राहिले. मला वाटलं, आता तरी काहीतरी फुटेल, रडू येईल, मी ओरडेन. समोरचा चहा गार झाला होता, तो मी प्यायले. पण त्या चहाची चव मला लागली. साखर कमी होती. कित्येक महिन्यांत मला कशाची चव लागलेली नव्हती, हे तेव्हा समजलं.

बुधवारी ते गेले. विमानतळावर सासूबाईंनी माझा हात धरून ठेवला आणि म्हणाल्या, "तब्येत सांभाळ." पुढे काही म्हणतील असं वाटलं, पण तेवढंच म्हणाल्या. मग सासऱ्यांना म्हणाल्या, "अहो, पासपोर्ट वरच ठेवा." सरळ त्यांनाच म्हणाल्या. ते म्हणाले, "वरच आहे."

त्याच दिवशी दुपारी लेक स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वही घेऊन बसली. दुसऱ्या दिवशी द्यायची होती. डाव्या पानावर तिने रविवारची सकाळ लिहिली. कुणी काय म्हणालं ते मला विचारलंसुद्धा नाही, तिला सगळं पाठ होतं. मग उजवं पान सुरू केलं. आईने बाबाला विचारलं, की आठ वर्षांपूर्वी तिने नकार दिला होता का. बाबा म्हणाला, की तिने दिला नव्हता. आजोबा म्हणाले, की त्यांनी खोली रंगवून घेतली होती. मी भांडी पुसत मागून वाचत होते. मुद्दाम चुका शोधत होते, सापडत नव्हत्या.

एका जागी ती थांबली. पेनचं टोपण चावत तिने विचारलं, "आल्झो... मग, आजीचं पण लिहू?"

मला म्हणायचं होतं, ते राहू दे. परकी, परवडत होतं, हे शब्द त्या अनोळखी बाईंच्या वहीत कशाला? आजी आता विमानात बसली असेल, तिच्यामागे हे कशाला? सगळी वाक्यं जिभेवर तयार होती. एवढं एक गाळलं तर कुणाला कळणार होतं?

"काय म्हणाली ते आठवतंय?" मी विचारलं.

"या." म्हणजे हो.

"मग लिही."

तिने लिहिलं. आजी म्हणाली, की तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. आजी म्हणाली, की आई परकी असल्यामुळे तिच्यावर रागावणं परवडत होतं. दोन्ही पानं मी शेजारी शेजारी धरून पाहिली. एकाच घरातली होती. मी खाली सही केली.

"बाबाची पण घे," मी म्हणाले.

ती वही घेऊन बाहेरच्या खोलीत गेली आणि टेबलावर ठेवून परत आली. मी भिंतीपलीकडून ऐकत होते. पान उलटल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. त्याला इंग्रजी वाचायला इतका वेळ लागत नाही. मी पुसलेलीच कढई परत पुसली.

मग तो दारात आला. हातात वही होती, बोट पानात. त्याचे डोळे लाल होते आणि मला त्याची दया आली नाही, रागही आला नाही. आमचं पुढे काय होणार, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं आणि आजही नीटसं ठाऊक नाही. हल्ली आम्ही भांडतो. सरळ भांडतो, नावानिशी, समोरासमोर.

पण त्या दुपारी तो दारात उभा होता आणि आमच्या दोघांच्या मध्ये टेबलाशी लेक बसलेली होती. त्याने तिच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"पेन देतेस?" तो म्हणाला.

लेकीने सवयीने माझ्याकडे मान वळवली. तोंड उघडलंही होतं. मग ते मिटून घेतलं आणि ती दप्तर भरायला लागली.